दहावी नस आणि कुंडलिनी

बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावर असलेल्या निम्हान्स या संस्थेचे कन्नड नाव देवनागरीत उतरवले, तर त्यात ‘नर विज्ञान’ हे शब्द येतात. मराठी वाचक त्याचा अर्थ ‘माणसाचे विज्ञान’ असा लावील आणि फसेल. हा ‘नर’ संस्कृतातला पुरुष नव्हे. तमिळ ‘नरम्बु’च्या कुळातला तो द्राविडी शब्द आहे. शीर, कंडरा, नस असे सगळे अर्थ त्याच्या पोटात आहेत. तमिळमध्ये तर याळ या प्राचीन तंतुवाद्याची तारही ‘नरम्बु’च. आधुनिक वैद्यकाने त्यातला एक अर्थ उचलला आणि बाकीचे बोलीत तसेच राहू दिले.

‘स्नायु’ या शब्दाची गत याहून गमतीची आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात ९०० स्नायू मोजले आहेत. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव जशी पाण्यात भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधल्यामुळे माणूस भार पेलतो, अशी उपमाही तिथे आहे. म्हणजे स्नायू हा बांधणारा दोर. आज मराठीत आणि कन्नडमध्ये स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस. बंगालीत मात्र तोच शब्द मेंदूपासून निघणाऱ्या तंतूंसाठी रूढ झाला. त्यामुळे बंगाली कादंबरीतली ‘स्नायू’ दुबळे असलेली बाई बेसावध मराठी अनुवादात दंड-पोटऱ्यांनी अशक्त होऊन बसते. ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नर्वुस’ हे शब्दही मुळात कंडरा, धनुष्याची दोरी याच अर्थाचे. भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘स्नावन्’, ‘स्नायु’ यांना त्यांच्याच कुळात बसवतात. युरोपातही दोराचीच नस झाली. फक्त तिथे ती शवविच्छेदनाच्या टेबलावर, सुरी हातात असताना झाली.

मराठीत आज या एका वस्तूला तीन नावे आहेत. बोलण्यात आणि वर्तमानपत्रात ‘मज्जातंतू’, शालेय पुस्तकात ‘चेता’, मराठी विश्वकोशात ‘तंत्रिका’. मेंदूतून थेट निघणाऱ्या १२ जोड्यांना शाळेचे पुस्तक ‘कर्पर चेता’ म्हणते. दवाखान्यातल्या मराठीत ती ‘नस’च असते, आणि या लेखापुरता तोच शब्द घेतला आहे. इथे सांगायचा आहे तो या १२ जोड्यांतल्या दहाव्या नसेचा, म्हणजे व्हेगसचा इतिहास. मुंबईतल्या एका मराठी डॉक्टराने १९२७ साली तिचे एक धाडसी भाषांतर केले. त्या भाषांतराची किंमत आपण अजून नीट मोजलेली नाही.

आधी मोजणीकडे पाहू, कारण ‘दहावी’ हा क्रमांकही निसर्गाने दिलेला नाही. दुसऱ्या शतकातल्या गेलेनने मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या सात जोड्या मानल्या. आज आपण ज्यांना नववी, दहावी आणि अकरावी म्हणतो त्या तिन्ही त्याच्या सहाव्या जोडीत एकत्र होत्या. कवटीच्या तळाशी त्या एकाच छिद्रातून बाहेर पडतात, त्यामुळे त्यांना एक समजणे स्वाभाविक होते. रोममध्ये जमलेल्या लोकांसमोर गेलेनने ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतल्या दोन बारीक नसा दाबल्या, आणि डुक्कर हातपाय झाडत राहिले, पण त्याचा आवाज बंद झाला. त्या नसा व्हेगसच्याच शाखा. डावी शाखा छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे जाते. उजवी त्याहून वरच्या एका धमनीभोवती वळते. कप्पीवरून दोर फिरावा तशी ही रचना आहे, असे गेलेनने म्हटले होते.

या विषयावर गेलेनने सविस्तर लिहिले ते शवविच्छेदनाच्या पद्धतीवरील मोठ्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात. तो भाग मूळ ग्रीकमध्ये उरलेला नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामामुळे तो अरबीत टिकला. त्या भागातले गेलेनचे म्हणणे त्याच्या स्वतःच्या शब्दांत आज कोणी वाचू शकत नाही. ते भाषांतरातच वाचावे लागते. इब्न सीनाच्या ‘कानून’मध्येही सातच जोड्या आहेत. १५४३ साली गेलेनच्या अनेक चुका दाखवणाऱ्या वेसालिअसनेही हा आकडा बदलला नाही. १६६४ मध्ये थॉमस विलिसने नवी मांडणी केली. त्यात व्हेगस आठव्या जोडीत आली, पण शेजारणींपासून सुटली नाही. १७७८ मध्ये सॅम्युएल थॉमस झ्योमरिंग या तरुणाने ग्योटिंगेनला सादर केलेल्या प्रबंधात १२ जोड्या मोजल्या, तेव्हा व्हेगसला दहावा क्रमांक मिळाला. इंग्रजी पुस्तकांत तरीही विलिसची पद्धत बराच काळ चालली. १८५८ च्या ‘ग्रेज ॲनाटमी’तसुद्धा व्हेगस आठव्या जोडीचाच भाग आहे.

लॅटिन ‘व्हेगस’ म्हणजे भटकणारी. हे नाव तिला शोभते. कवटीतून निघून ती घसा, स्वरयंत्र, हृदय, फुफ्फुसे, जठर असा प्रवास करत मोठ्या आतड्याच्या आडव्या भागापर्यंत पोचते. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी दाखवले, की ही नस उद्दीपित केली की हृदय मंदावते, थांबतेही. तोवर नस म्हणजे अवयवाला कामाला लावणारी, अशीच समजूत होती. नस कामाला आळाही घालते हे तेव्हा कळले. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून सिद्ध केले, की हा निरोप एका रसायनाच्या रूपाने पोचतो. नसेला आवर घालता येतो, तर मग माणूस इच्छेने हृदय थांबवू शकेल का? मुंबईतला तो मराठी डॉक्टर याच प्रश्नापाशी येऊन उभा राहिला.

पाश्चात्त्य शारीर हिंदुस्थानात आले तेव्हा दोन उलट दिशांनी भाषांतर सुरू झाले. एक दिशा सरळ होती. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शवविच्छेदन सुरू झाले. त्यात ज्यांचे नाव आघाडीवर घेतले जाते त्या मधुसूदन गुप्त यांनी एका इंग्रजी शारीरग्रंथाचे संस्कृत भाषांतरही केले. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, पुढे तिथे मराठी व गुजराती वर्गही निघाले, आणि सखाराम अर्जुन यांच्यासारख्या डॉक्टरांनी वैद्यकाची मराठी पुस्तके लिहिली. नवी वस्तू समोर आहे, तिला नाव हवे आहे, अशी ही गरज होती. ‘मज्जातंतू’ या शब्दाची घडण पाहा. मेंदू आणि पाठीचा कणा यांतल्या मऊ पदार्थाला मज्जा म्हटले, आणि तिच्यातून निघणारा दोरा तो मज्जातंतू. शब्द डोळ्यांना दिसते तेवढेच सांगतो.

दुसरी दिशा उलटी होती. इथे शब्द आधीच हातात होते आणि त्यांना साजेशा वस्तू शोधायच्या होत्या. इडा, पिंगला, सुषुम्ना या नाड्या आणि सहा चक्रे योग-तंत्राच्या ग्रंथांत होती; ती शरीरात कुठे आहेत? दयानंद सरस्वतींनी हा प्रश्न तरुणपणी स्वतःपुरता निकालात काढला. गंगेतून वाहत आलेले प्रेत त्यांनी बाहेर ओढले, चाकूने कापून ग्रंथातल्या वर्णनाशी ताडून पाहिले, आणि काहीच जुळत नाही असे दिसल्यावर ते ग्रंथ फाडून प्रेतासोबत नदीत सोडून दिले. हे त्यांनी आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. सगळ्यांना एवढा कठोर निकाल मान्य नव्हता. १८८८ मध्ये ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकात वामनदास बसू यांनी तंत्रातल्या शारीरावर लिहिले. १९१५ मध्ये ब्रजेंद्रनाथ सील यांनी प्राचीन हिंदूंच्या विज्ञानांवरील ग्रंथात नाड्या आणि नसा यांच्या जोड्या लावल्या. हेच सील पुढे म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९१३ पासून गणनाथ सेन यांचे ‘प्रत्यक्षशारीरम्’ निघू लागले. त्यात आधुनिक शारीर संस्कृतात मांडताना जुने शब्द नव्या वस्तूंना वाटून दिले आहेत: धमनी, सिरा, नाडी यांचे अर्थ तिथे पक्के बांधले गेले. आयुर्वेदाच्या शारीरग्रंथांत व्हेगसला ‘प्राणदा नाडी’ हे नाव मिळाले. ‘भटकी’ची ‘प्राण देणारी’ झाली! नावातच तिची बढती झाली.

डॉ. वसंत गंगाराम रेले या वाटेने सर्वांत पुढे गेले. बॉम्बे मेडिकल युनियन या डॉक्टरांच्या संस्थेपुढे एका योगाभ्यासीने नाडी थांबवून दाखवण्याचे प्रात्यक्षिक केले. त्या निमित्ताने रेले यांनी निबंध वाचला, आणि तो वाढवून १९२७ मध्ये तारापोरवाला यांच्याकडून ‘द मिस्टीरियस कुंडलिनी’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य शारीर आणि शरीरक्रियाशास्त्र यांच्या भाषेत हठयोगाचा भौतिक पाया सांगणे, हा त्याचा हेतू उपशीर्षकातच होता. त्यांचे मुख्य विधान एका ओळीत सांगता येते: कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नस. सहा चक्रे म्हणजे नसांची जाळी. त्या जाळ्यांवर व्हेगसचा ताबा चालतो, आणि योगी जी शक्ती जागी करतो ती म्हणजे या नसेवर आणलेला इच्छेचा ताबा.

उजवीच का, याला शारीराचा आधार होता. व्हेगसच्या दोन्ही नसा जठराकडे उतरताना थोड्या वळतात. उजवीचे धागे मागच्या बाजूला येऊन पोटातल्या मोठ्या जाळ्याला भरपूर शाखा देतात. रेले यांचे वाचन कच्चे नव्हते. ग्रंथांतली कुंडलिनी आणि टेबलावरचे प्रेत, दोन्ही त्यांना माहीत होती. इंग्रजांच्या राज्यात शिकलेल्या डॉक्टरापुढे दोन कपाटे होती. एका कपाटातल्या ग्रंथांना कॉलेज भ्रम म्हणत होते, दुसऱ्यातल्या ग्रंथांना घरचे लोक परके म्हणत होते. दोन्ही कपाटांत एकाच वस्तूचे वर्णन आहे असे सिद्ध झाले असते, तर कोणाचीच मान खाली गेली नसती. १९३१ मध्ये रेले आणखी पुढे गेले आणि वेदांतले देव म्हणजे मज्जासंस्थेचे भाग, असे मांडणारे पुस्तक त्यांनी लिहिले. तिथे हा मोह लपत नाही.

‘द मिस्टीरियस कुंडलिनी’ला प्रस्तावना लिहिली होती सर जॉन वुडरॉफ यांनी. कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेल्या या माणसाने १९१९ मध्ये ‘द सर्पंट पॉवर’ या ग्रंथात ‘षट्चक्रनिरूपण’ इंग्रजीत आणले होते. त्यांनी रेले यांच्या प्रयत्नाचे स्वागत केले, पण मुख्य विधान मान्य केले नाही. कुंडलिनी ही नस नाही, कोणताही भौतिक पदार्थ नाही, ती शक्ती आहे, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे पुस्तक उघडताच वाचकाला पुस्तकाचे मुख्य विधान नाकारणारा मजकूर भेटतो. रेले यांनी तो छापला.

रेले यांचे भाषांतर तपासायचे तर दोन्ही बाजूंनी तपासले पाहिजे. आधी नसेची बाजू. कुंडलिनी निजलेली असते आणि तिला जागे करावे लागते, हा तिच्या कल्पनेचा गाभा आहे. व्हेगस निजत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके टाकते ते व्हेगसने सतत लगाम ओढून धरलेला असतो म्हणून. दुसऱ्याचे हृदय बसवलेल्या रुग्णात ही नस तुटलेली असते. तिथे विश्रांतीतही ठोके ९० ते ११० च्या घरात राहतात. शिवाय कुंडलिनीचे स्थान मूलाधार, कण्याच्या तळाशी. व्हेगस तिथवर जातच नाही. आतड्याच्या आडव्या भागापाशी तिचा मुलूख संपतो. कटीतल्या अवयवांना त्या प्रकारच्या नसा मिळतात त्या मज्जारज्जूच्या खालच्या भागातून. वर, व्हेगसचे बहुतेक तंतू मेंदूकडून खाली जाणारे नसून अवयवांच्या बातम्या मेंदूकडे नेणारे आहेत.

आता कुंडलिनीची बाजू. मराठी वाचकाला ती ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातून माहीत आहे. साडेतीन वेढे घालून निजलेली ती नागीण जागी होते तेव्हा भुकेली असते. ती शरीरातले मांस खाते, धातू शोषते, नखांपर्यंतचे सत्त्व काढून घेते, आणि शेवटी देहाचा देहपणाच संपत जातो. हे शरीराचे वर्णन आहे खरे. पण ज्याचा साधकाच्या अनुभवात लय होत चालला आहे अशा शरीराचे. प्रेतावर सुरी चालवून हे शोधायला जाणारा आणि ते सापडले नाही म्हणून ओवी खोटी म्हणणारा, दोघेही एकच चूक करतात. आणि ते सापडले असे म्हणणाऱ्याने, रेले यांनी, ओवीतली भूकच काढून टाकली. नसेला भूक नसते. ‘कुंडलिनी म्हणजे व्हेगस’ या समीकरणात नसेच्या पदरात एक खोटे मोठेपण पडले आणि कुंडलिनीचे सगळे नाट्य गेले.

तरी रेले यांच्या विधानाला एक मोठा गुण होता: ते तपासता येण्यासारखे होते. योगी व्हेगसच्या आधारे हृदय थांबवतो असे म्हटले, की हृदयाला यंत्र लावून पाहता येते. महाराष्ट्रात त्याच सुमारास दुसरा एक माणूस समीकरणे बाजूला ठेवून मोजमापाला लागला होता. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होते, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी पाहिले. नौलीत मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो असे त्यांना आढळले, आणि त्याला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. हे नाव कोणत्याही ग्रंथातल्या शब्दाचे भाषांतर नव्हते. नवी नोंद, तिला नवे नाव.

१९३५ मध्ये तेरेज ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ हृदयाच्या विद्युत्-नोंदी घेणारे यंत्र घेऊन भारतात आल्या. एका योग्याच्या हृदयाचे संकेत जवळजवळ नाहीसे झाले, असे त्यांच्या नोंदीवरून सांगितले गेले. १९५४ मध्ये बेंगळुरूत अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. आजच्या निम्हान्सचे हे आधीचे रूप. तिचे संचालक एम. व्ही. गोविंदस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका योग्याच्या हृदयाच्या व मेंदूच्या विद्युत्-नोंदी घेऊन १९५८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. १९६१ मध्ये वेंगर, बागची आणि आनंद यांनी भारतात केलेल्या अशाच प्रयोगांचा अहवाल ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आला. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांची नाडी मनगटावर लागेनाशी होत होती आणि छातीवर ठोके ऐकू येईनासे होत होते. विद्युत्-नोंदीत मात्र हृदय चालूच होते. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, आणि रिकामे चालणारे हृदय नाडीत जाणवत नाही. योग्याचा ताबा मुख्यतः श्वासावर आणि स्नायूंवर होता, म्हणजे इच्छेने हलवता येतात अशाच अवयवांवर.

हा निकाल योगाचा अपमान करत नाही. स्नायूंवर एवढा ताबा मिळवणे ही वर्षानुवर्षांची साधना आहे. पण तो रेले यांचे समीकरण मोडतो, आणि तेही पुरते मोडलेले राहिले नाही. १९९५ मध्ये स्टीफन पोर्जेस यांचा व्हेगसविषयीचा सिद्धांत प्रसिद्ध झाला. त्यातल्या शारीरविषयक विधानांवर शास्त्रज्ञांत वाद आहे, पण तो लोकप्रिय फार झाला. आज बेंगळुरूच्या योगवर्गांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत ‘व्हेगस जागी करा’ असा उपदेश ऐकू येतो. शब्दाची जागा उलटली आहे. १९२७ मध्ये कुंडलिनीला प्रतिष्ठा हवी होती, म्हणून तिला नसेचे नाव दिले. आता नसेलाच कुंडलिनीचे वर्णन चिकटले आहे: ती निजलेली आहे, ती जागी होते, जागी झाली की सगळी दुखणी जातात. रेले यांचे नाव कोणी घेत नाही. वुडरॉफ यांचा आक्षेप तर मुळीच नाही.

खरी व्हेगस दरम्यान वेगळ्या कामाला लागली आहे. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारासाठी मानेतल्या या नसेला छोट्या यंत्राने विजेचे हलके स्पंद देण्याच्या उपचाराला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेत बहुधा डावी नस निवडतात. हृदयाची गती ठरवणाऱ्या केंद्राकडे मुख्यतः उजवीचे धागे जातात, म्हणून तिला सहसा हात लावत नाहीत. स्पंद चालू असताना अनेकांचा आवाज घोगरा होतो, कारण गेलेनच्या डुकरात सापडलेली ती वळसा घेणारी शाखा याच नसेची. यंत्र बसवायचे की नाही हे ठरवणाऱ्या आईबापांना या गोष्टी त्यांच्या भाषेत कळायला हव्यात. ‘प्राणदा’ असे नाव सांगून त्यावर वीज सोडणार म्हटले तर ते घाबरतील. ‘निजलेली शक्ती’ म्हटले तर ते भलत्या आशेवर राहतील. ‘गळ्यातून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी नस’ एवढे म्हटले तर ते प्रश्न विचारू शकतील: आवाज जाईल का, हृदयाला धोका आहे का, किती दिवस लागतील?

अनुवाद करताना दोन शब्द शेजारी ठेवण्याची सवय लागते, आणि शेजारी ठेवलेले शब्द हळूहळू एकच वाटू लागतात. शब्दकोशात एका ओळीत आलेल्या दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम असतो, बरोबरीचे चिन्ह नसते. ‘नर’ आणि ‘नस’ यांत काम भागते, कारण दोन्हीकडे वस्तू तीच आहे. कुंडलिनी आणि व्हेगस यांत वस्तू दोन आहेत. एक ओवीत जगते, दुसरी मानेत. दोघींना आपापल्या नावाने राहू द्यावे. रेले यांचे पुस्तक मराठीत आणायला कोणी घेतले तर ते जरूर आणावे, कारण त्यातला प्रश्न खरा आहे. मात्र वुडरॉफ यांची प्रस्तावना त्यातून गाळू नये. ती पहिल्या पानांवर असावी, रेले यांनी ठेवली होती तिथेच.